मागच्या सीटचा हिशेब

बीडच्या बायपासवर नव्या इलेक्ट्रिक गाडीची चाचणी घेतली, तर कुठलीही गाडी चांगलीच वाटते. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग ५२ इथे चौपदरी आहे, डांबर एकसारखं आहे आणि विजेची मोटर आवाज न करता ओढत नेते. गिऱ्हाईक खूश होऊन शोरूममध्ये परततं आणि बोलणं सुरू होतं. बॅटरी किती किलोवॉट-तासांची, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, स्क्रीन किती इंची, सनरूफ आहे का. गाडी पुढची सात-आठ वर्षं ज्या रस्त्यावर धावणार आहे, तो रस्ता या बोलण्यात येतच नाही. महामार्ग सोडला की तो सुरू होतो: पाटोद्याकडे, शिरूर कासारकडे, धारूरच्या घाटातून, वडवणीच्या पुढे एखाद्या वस्तीपर्यंत.

मूळ प्रश्न पैशाचा आहे, तेव्हा आधी पैशाचंच बोललेलं बरं. एकाच आकाराच्या पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडीत आज साधारण तीन ते पाच लाखांचं अंतर पडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिक गाडीवर तो आधीपासूनच ५ टक्के होता, त्यामुळे हे अंतर उलट वाढलं. चार लाख धरू. नऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी कर्ज काढलं, तर लाखामागे महिन्याला सोळाशे रुपयांच्या आसपास हप्ता बसतो, म्हणजे चार लाखांना ६,४०० रुपये. आता इंधन. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर धरली, तर हजार किलोमीटरला सात हजार रुपये जातात. इलेक्ट्रिक गाडी युनिटला सात किलोमीटर गेली आणि युनिट दहा रुपयांना पडलं, तर तेवढ्याच अंतराला १,४०० रुपये पुरतात. वाचले साडेपाच हजार. म्हणजे महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याची बचत हप्त्यातच विरते. दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याची मात्र अकरा हजारांवर जाते आणि हप्ता भागवून हातात काही उरतं.

घरावर सौर पॅनेल असतील तर चित्र आणखी सुधारतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं, आणि बीडच्या उन्हात असा संच दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. तेवढ्यात ऐंशी किलोमीटर होतात. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने मोटार वाहन करात सूट दिली आहे. टोलमाफी मात्र समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर आहे. यातला एकही रस्ता बीड जिल्ह्यातून जात नाही.

हा हिशेब बरेच जण करतात. त्याच्या पुढची पायरी मात्र सुटून जाते. ज्याला इलेक्ट्रिक गाडी परवडते, तो मुळातच रोज ऐंशी-शंभर किलोमीटर फिरणारा माणूस आहे. बीडमध्ये राहून लांबच्या शाळेवर अप-डाउन करणारे आणि एकाच गाडीत वाटून जाणारे चार शिक्षक, बियाणं आणि खतांचे वितरक, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात ये-जा करणारे डॉक्टर, ऊसतोडीच्या टोळ्या जमवायला गळिताच्या आधी वाड्यावस्त्यांवर फिरणारा मुकादम, ही ती माणसं. ताशी सरासरी चाळीसचा वेग धरला तर दोन हजार किलोमीटर म्हणजे महिन्याला पन्नास तास. ज्या प्रवासाने गाडीचे पैसे वसूल होतात, त्याच प्रवासात पाठीला सर्वांत जास्त गचके बसतात. इंधनात वाचलेल्या पैशांतला काही वाटा आधी पाठीच्या नावाने बाजूला पडायला हवा, मग मोठ्या बॅटरीकडे आणि सनरूफकडे पाहावं, असं म्हणायचं ते याचसाठी.

युरोपीय संघात हा प्रश्न चैनीचा मानलेला नाही. २००२ च्या एका निर्देशानुसार ट्रक, ट्रॅक्टर, बुलडोझर चालवणाऱ्या कामगाराच्या शरीराला दिवसभरात किती कंपन बसावं, याची कायदेशीर मर्यादा ठरलेली आहे. बसून खाल्लेले धक्के आणि कंबरदुखी यांचा संबंध वैद्यकाने फार पूर्वी मान्य केला आहे. बीडमधल्या काळी-पिवळी जीपच्या जुन्या चालकाला तो कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आता रस्ता. जिल्ह्यात खडबडीतपणाचे दोन प्रकार आहेत आणि गाडीकडून ते दोन वेगळ्या गोष्टी मागतात. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठी खोल काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचं डांबर लाटांसारखं वरखाली होतं. त्यावर गाडी हेलकावे घेते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा-आष्टीकडे, माती उथळ आणि मुरमाड आहे. तिथे त्रास तीक्ष्ण कडांचा: उखडलेली गिट्टी, फुटलेल्या कडा, मोरीजवळची खाच. त्यावर गाडी दणके देते.

दोन्हीकडे सारखी असलेली गोष्ट म्हणजे अरुंदपणा. गावाला जोडणारा एकपदरी रस्ता सहसा पावणेचार मीटर रुंदीचा असतो. कार जवळजवळ पावणेदोन मीटर रुंद, आणि समोरून ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला की कारलाच खाली उतरावं लागतं. साइडपट्टी खचलेली असते. डावी चाकं खड्ड्यात, उजवी डांबरावर, आणि आतली माणसं एकमेकांवर आदळतात. तेलगाव किंवा पांगरीच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गळिताच्या हंगामात हे दिवसातून कितीतरी वेळा घडतं. गतिरोधकांचं तर विचारूच नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने गाडी त्यावरून सुखरूप जाते. गावोगावचे गतिरोधक याच्यापेक्षा अरुंद आणि उंच असतात आणि तिथे गाडीचं बुड घासतं.

इलेक्ट्रिक गाडीत हे बुड म्हणजेच बॅटरी, आणि सस्पेन्शनचा सगळा पेच तिथूनच सुरू होतो.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का साठवते. शॉकअप तो साठवलेला धक्का तेलात जिरवतो. माणसाच्या अंगाला सेकंदाला एक ते दीड वेळा होणारी हालचाल सोसवते, कारण चालतानाची लय त्याच्या जवळपास असते. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारं उभं कंपन अंगाला सर्वांत जास्त झोंबतं. आणि फार संथ हेलकावे, पाच-सहा सेकंदांना एक असे, सुरू झाले की गाडी लागते. म्हणून नुसती मऊ गाडी उपयोगाची नाही. धारूरच्या घाटात मऊ गाडीतली मुलं आधी ओकतात. विजेच्या मोटरचा झटकन मिळणारा जोर आणि पॅडलवरून पाय उचलताच लागणारा रिजनरेटिव्ह ब्रेक त्यात भर घालतात.

इलेक्ट्रिक गाड्यांत सध्या सर्रास वापरला जाणारा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅक किलोमागे साधारण सव्वाशे ते दीडशे वॉट-तास वीज साठवतो. ४५ किलोवॉट-तासांचा पॅक म्हणजे तीनशे ते साडेतीनशे किलो, थोडक्यात चार-पाच माणसांचं वजन. या वजनाचा एक फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही. साडेनऊशे किलोच्या छोट्या पेट्रोल गाडीत पाच माणसं बसली की वजन एक तृतीयांशाने वाढतं. रिकामी असताना नीट वाटणारी स्प्रिंग भरल्यावर दबते. चौदाशे किलोच्या इलेक्ट्रिक गाडीत तीच माणसं बसली तर वाढ एक चतुर्थांशाहून कमी. त्यामुळे रिकाम्या आणि भरल्या गाडीतला फरक कमी होतो आणि अभियंत्याला स्प्रिंग जुळवणं सोपं जातं. जड गाडी सुखाची वाटते, हे लोकांचं म्हणणं खरं आहे.

तोटा असा की एवढं वजन खाली दाबलं जाऊन बॅटरी दगडाला टेकू नये, म्हणून कंपन्या स्प्रिंग कडक ठेवतात. ज्या गाड्या मुळात पेट्रोलसाठी आखल्या आणि नंतर विजेवर आणल्या, त्यांत बॅटरीमुळे मागचा फ्लोअर उंच होतो, सीट मात्र फारशी वर जात नाही. मागच्या माणसाचे गुडघे वर येतात, मांडीला आधार मिळत नाही, आणि मांडीने उचलायचा धक्का सरळ कण्यात जातो. मागची सीट मागच्या चाकांच्या लगेच पुढे असते, त्यामुळे दणकाही तिथेच जास्त. गाडी पसंत करणारा चाचणीत पुढे बसतो. आई, बायको, बाळंतपणासाठी आलेली लेक मागे बसतात. बीडच्या घरांत गाडीचा निर्णय अजूनही पुढच्या सीटवरून होतो, आणि या लेखकाला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे.

इंजिन नसल्याने आणखी एक बदल होतो. पेट्रोल गाडीत घरघरीखाली झाकलेला सस्पेन्शनच्या लिंक रॉडचा खटखटाट आणि रबरी बुशचा आवाज इलेक्ट्रिक गाडीत स्वच्छ ऐकू येतो.

बाजारात पाहिलं तर किमतीच्या पायऱ्या ठळक आहेत. टाटांची टियागो इव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये ८.४९ लाखांपासून आली, एमजीची कॉमेट एप्रिल २०२३ मध्ये ७.९८ लाखांपासून. त्यानंतर पंच, नेक्सॉन, विंडसर अशा साधारण दहा ते अठरा लाखांच्या इलेक्ट्रिक गाड्या. या मधल्या गटात मागे बहुतेक ट्विस्ट बीम असतो, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा, पीळ घेणारा एक आडवा दांडा. तो स्वस्त, मजबूत आणि दुरुस्तीला सोपा. त्याचा दोष एवढाच की डाव्या चाकाचा दणका थोडा उजवीकडेही पोचतो, आणि खचलेल्या साइडपट्टीवर नेमकं तेच जाणवतं. वरच्या पायरीवर चाकण परिसरात बनणारी महिंद्राची बीई ६ (नोव्हेंबर २०२४, १८.९० लाखांपासून) आणि टाटांची हॅरियर इव्ही (जून २०२५, २१.४९ लाखांपासून). यांत मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र दांड्यांवर आहे. हॅरियरमध्ये धक्क्यांच्या वारंवारितेनुसार तेलाची वाट आपोआप मोकळी किंवा अरुंद करणारे शॉकअप आहेत, बीई ६ च्या वरच्या प्रकारांत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने क्षणाक्षणाला कडकपणा बदलणारे.

दहा लाखांची गाडी आणि एकोणीस लाखांची गाडी यांत नऊ लाखांचा, म्हणजे त्याच कर्जाच्या हिशेबाने महिन्याला साडेचौदा हजारांचा फरक आहे. अर्थात तो सगळा सस्पेन्शनचा नाही. मोठी बॅटरी, मोठी मोटर, मोठी गाडी यांचा आहे. पण चांगलं सस्पेन्शन हवं तर हे सगळं गाठोडं एकत्रच घ्यावं लागतं, हेच दुखणं आहे. जिल्ह्यात फिरण्यासाठी ७९ किलोवॉट-तासांची बॅटरी लागत नाही. बीड-अंबाजोगाई-बीड हा दिवसाचा मोठा फेरा मधल्या बॅटरीत सहज होतो. कंपन्यांनी साधी बॅटरी आणि चांगले शॉकअप असा प्रकार विकायला हवा, आणि तो कुणी मागत नाही म्हणून कुणी विकत नाही.

आराम महागच असतो, हा समज इतिहासाने केव्हाच खोडून काढलेला आहे. १९३० च्या दशकात सित्रोएन कंपनीने फ्रान्समधल्या शेतकऱ्यांसाठी गाडी आखायला घेतली, तेव्हा अट अशी होती की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडं फुटू नये. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या या २सीव्ही गाडीचं इंजिन अवघं ३७५ सीसीचं आणि नऊ अश्वशक्तीचं होतं. पत्रा पातळ, सीटा कॅनव्हासच्या, पण चाकांना वरखाली जायला भरपूर वाव आणि पुढचं-मागचं चाक एकमेकांशी जोडलेल्या स्प्रिंगा. ती गरिबांची गाडी होती आणि तिचं सस्पेन्शन त्या काळच्या महागड्या गाड्यांना लाजवणारं होतं. पैसा कुठे घालायचा याचा क्रम तिथे रस्त्याने ठरवला होता. आजच्या दहा लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीत हा क्रम स्क्रीन ठरवते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की हा सगळा दोष रस्त्यांचा आहे, आधी रस्ते करा. म्हणणं रास्त आहे. १९८२ मध्ये जागतिक बँकेने ब्राझीलमध्ये केलेल्या प्रयोगांतून रस्त्याचा खडबडीतपणा मोजण्याचं जे आंतरराष्ट्रीय माप आलं, त्यात एक ठरावीक गणिती गाडी ताशी ८० च्या वेगाने नेली तर तिचं सस्पेन्शन दर किलोमीटरला एकूण किती मीटर वरखाली होईल, ते काढतात. म्हणजे वाईट रस्त्याची अधिकृत व्याख्याच सस्पेन्शनने सोसलेली हालचाल अशी आहे. त्याच सुमारास दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय रस्त्यांवर वाहन चालवण्याच्या खर्चाचा मोठा अभ्यास केला. केनिया, कॅरिबियन बेटं आणि ब्राझीलमधल्या अशाच अभ्यासांबरोबर त्याचे आकडे जागतिक बँकेच्या गणिती प्रतिमानांना उपयोगी पडले. रस्ता खडबडीत झाला की टायर, सुटे भाग आणि मजुरीचा खर्च वाढतो, हे त्यातून पक्कं झालं. रस्त्यावर न झालेला खर्च गाडीवाल्याच्या खिशातून निघतो आणि त्याची पावती सरकारी जमाखर्चात कुठेच दिसत नाही. नगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीडपर्यंत गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी पोचली. ज्या जिल्ह्याने रेल्वेसाठी तीस वर्षं वाट पाहिली, तिथल्या माणसाने रस्ता सुधारेपर्यंत पाठ सांभाळून ठेवावी असं सांगता येत नाही. रस्त्यासाठी भांडावं आणि गाडीही नीट निवडावी, दोन्ही करावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इलेक्ट्रॉनिक शॉकअप आज छान चालतील. पाच वर्षांनी वॉरंटी संपल्यावर, सव्वाशे किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला किंवा अहिल्यानगरला गाडी नेऊन, जोडी बदलायची म्हटली तर काय? हा आक्षेप मान्य करायलाच हवा. साधा शॉकअप बीडमधला चांगला मेकॅनिक अर्ध्या दिवसात बदलतो. सेन्सर आणि वायरिंग असलेला बदलायला कंपनीचं वर्कशॉप आणि संगणक लागतो. रोज चार-पाच तास चालवणाऱ्याने आणि ज्याला खर्च झेपतो त्याने तो घ्यावा. बाकीच्यांसाठी तेलाची वाट आपोआप बदलणारा, वायर नसलेला शॉकअप हा शहाणा मध्यममार्ग आहे. तो दहा-बारा लाखांच्या गाड्यांत सर्रास येत नाही तोवर नीट जुळवलेला ट्विस्ट बीम आणि योग्य टायर यांवर भागतं, आणि बरंच चांगलं भागतं.

टायरकडे तर आधी पाहावं. २१५/६० आर१६ असा आकार लिहिलेला असतो, तेव्हा टायरची भिंत २१५ मिलिमीटरच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर उंच असते. ही रबराची आणि हवेची उशी प्रत्येक दणका सर्वांत आधी झेलते. कॉमेटच्या १४५/७० आर१२ टायरची भिंत शंभराच्या आसपास, आणि चाकही इतकं लहान की मोठी गाडी ज्या खड्ड्यावरून जाईल त्यात हे उतरतं. शहरातल्या गल्लीसाठी ती गाडी उत्तम आहे, पाटोद्याच्या रस्त्यासाठी नाही. उलट टोकाला, बीई ६ मध्ये १९ इंची चाकांऐवजी २० इंची घेतली तर भिंत १३५ वरून १२२ मिलिमीटरवर येते. दिसायला रुबाबदार, पण आराम कमी, आणि फुटलेल्या कडेवर अलॉय वाकण्याची भीती जास्त. कित्येक गाड्यांत वरचा प्रकार घेतला की चाक मोठं होतं आणि भिंत आखूड. गावच्या रस्त्यावर फिरणाऱ्याने चाकांच्या बाबतीत खालचाच प्रकार घ्यावा. हवाही दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच, टायर थंड असताना. पंपावर ‘चाळीस मारू का?’ असं विचारणाऱ्याला नाही म्हणावं.

चाचणी मात्र आपल्या अटींवर घ्यावी. पाच माणसं भरून, निर्णय घेणाऱ्याने मागे मधल्या जागी बसून, आपल्याच गावच्या रस्त्यावर, ताशी तीस-चाळीसने. एक चाक साइडपट्टीवर उतरवून पुन्हा वर घ्यावं आणि डोकं किती हलतं ते पाहावं. गावातल्या सर्वांत वाईट गतिरोधकावरून भरलेली गाडी न्यावी. बुड टेकलं तर कागदावरचा १९० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स विसरावा. मागे बसलेल्या वयस्क माणसाला उतरल्यावर कंबरेचं विचारावं, आणि त्याचं उत्तर किमतीच्या कागदाइतकंच मोलाचं धरावं. शोरूमवाले इतक्या लांब गाडी द्यायला कुरकुर करतात, पण दहा-पंधरा लाख मोजणाऱ्याने त्याला दबण्याचं कारण नाही.

सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. बॅटरीची वॉरंटी मोठ्या अक्षरात छापलेली असते. पण खालून दगड लागून पॅकला इजा झाली तर खर्च कुणाचा, हे विमा कंपनीकडून आणि शोरूमकडून दोघांकडून लिहून घ्यावं. शॉकअप आणि बुश किती किलोमीटरपर्यंत वॉरंटीत आहेत, की ते झिजणारे भाग म्हणून आधीच वगळलेत, ते पाहावं. आणि मागच्या शॉकअपच्या जोडीची आजची किंमत, मजुरीसकट, त्याच कागदावर मागावी.